काठावरची खूण

१

बाबा डोंगरावरच्या जुन्या दगडी गडग्यापाशी सापडले. ऑक्टोबरातला शनिवार होता, खारींच्या शिकारीचा हंगाम सुरू होता, आणि नेहमीप्रमाणे उजाडता उजाडता ते रायफल घेऊन वर गेले होते. गोळी कानाच्या वर लागली होती. रायफल शेजारी, पानांवर.

मी हॅरिसबर्गहून पोचले तेव्हा हार्लन स्ट्रोब स्वयंपाकघरात आईसमोर बसला होता. हार्लन आमच्या जिल्ह्याचा निवडून आलेला मृत्यू-तपासनीस, आणि दफनाची व्यवस्था बघणारं गावातलं दुकानही त्याचंच. आमच्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. बाबांचा तो शाळेपासूनचा मित्र. त्याच्या हातातली टोपी गोल गोल फिरत होती.

"रायफल गडग्याला टेकवून ठेवली असणार, आर्लीन," तो म्हणाला. "घसरली. घोडा दगडावर आपटला, आणि आत काडतूस होतं. वेंडेलला कळलंसुद्धा नसेल."

आईने एकच प्रश्न विचारला. "घोडा कुठे होता?"

"पूर्ण खाली. रिकामं काडतूस आतच."

"बरं," आई म्हणाली.

"अपघात. मी तसंच लिहिणार आहे. पोलिसांशी बोललोय, त्यांचंही तेच म्हणणं."

"तू चांगला माणूस आहेस, हार्लन."

संध्याकाळपर्यंत चर्चमधल्या बायका हॅम, बटाट्याचं सॅलड आणि गुळाचं सारण भरून भाजलेले पाय ठेवून गेल्या. आईने कशालाच हात लावला नाही. सगळे गेल्यावर ती खिडकीकडे बघत म्हणाली, "तुझ्या बाबांनी भरलेल्या काडतुसावर घोडा कधी टेकवला नाही. अर्ध्या खाचेवर अडकवून ठेवायचे. माझं लग्न झालं तेव्हापासून बघतेय. अर्ध्या खाचेवरची रायफल आपटली तरी उडत नाही, थिआ."

"मग हार्लनकाका कसं म्हणतात—"

"माझ्यासाठी म्हणतो. उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या वर्षी यांना माशीसुद्धा दिसणार नाही." माशी म्हणजे रायफलीच्या टोकावरची, नेम धरायची. "तेव्हापासून हे गप्पच होते. अपघात होणं शक्य नाही, म्हणजे यांनीच केलं. हार्लनला ते कळलंय, आणि मला कळू नये म्हणून त्याने दुसरं लिहिलंय."

तिने शांतपणे ताटं उचलली आणि सगळं अन्न झाकून ठेवलं.

"मला न सांगता गेले," ती म्हणाली.

२

दफन झालं तरी आई खात नव्हती. चहा प्यायची, तोही मी समोर उभी राहिले तर. रात्री बाबांच्या बाजूचा दिवा चालू ठेवून पडायची. तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे काहीच नव्हतं, कारण रायफलीबद्दल ती म्हणत होती त्यात चूक काढता येत नव्हती.

त्या आठवड्यात पोलिसांनी रायफल परत दिली. सोबत एक पारदर्शक पाकीट, त्यात एक रिकामं काडतूस.

बाबांची रायफल त्यांच्या वडिलांची. पॉइंट बावीसची, खालची लिव्हर ओढून काडतूस आतबाहेर करायची, आठकोनी नळीची. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हाताने झिजून गालासारखा गुळगुळीत झालेला. तिच्यात पंधरा काडतुसं मावायची, पण बाबा एकच भरून निघायचे. एका खारीला एक गोळी. चुकली तर खारीचं नशीब.

मी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी ठेवली आणि तेलाचं फडकं घेतलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. लव्हिना आत्या समोर कॉफी पीत होती. बाबांची ही थोरली बहीण घळीच्या पलीकडच्या उतारावर एकटी राहते आणि पंचक्रोशीतल्या कुठल्याही पुरुषाला नेमबाजीत अजून हरवते. तेही बोलून दाखवत हरवते.

"घासून घासून लाकूड झिजवू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांनी पुरेसं झिजवलंय."

"आत्या, घोड्यावर ओरखडा नाहीये."

"काय म्हणालीस?"

"दगडावर आपटला म्हणतात ना. एकही ओरखडा नाही. दस्त्यावर नाही, नळीवर नाही. कुणी गादीवर ठेवावी तशी पडली होती ही."

आत्याने कप खाली ठेवला. मी पाकीट फोडलं आणि काडतूस तळहातावर घेतलं.

बावीसचं काडतूस मोठ्या काडतुसांसारखं नसतं. त्याची ठिणगीची दारू बुडाच्या काठात भरलेली असते. रायफलीची पिन त्या काठावर ठोका देते आणि बार होतो. त्यामुळे प्रत्येक रायफल रिकाम्या काडतुसाच्या काठावर आपली खूण सोडते, आणि कुठल्याही दोन रायफलींची खूण सहसा सारखी नसते. बाबांची खूण मी जन्मापासून ओळखते. त्यांची रिकामी काडतुसं धुलाईच्या यंत्रात सापडायची, गाडीत सापडायची, एकदा माझ्या बॅले नाचाच्या बुटात सापडलं होतं. तांदळाच्या दाण्यासारखी ती खूण, रुंद आणि बुटकी.

तळहातावरच्या काडतुसाची खूण लांबट, अरुंद आणि किंचित वाकडी होती. कणकेत नख रुतवावं तशी.

मी ते आत्यासमोर धरलं. तिने चष्मा वर सरकवला, काडतूस डोळ्याशी नेलं आणि नखाने काठ चाचपला.

"हे वेंडेलच्या रायफलीतून उडालेलं नाही," ती म्हणाली.

३

दार लावून आम्ही दोघी टेबलाशी बसलो. आई वर झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती.

"त्या दिवशी बार किती ऐकलेस?" मी विचारलं.

"एक. व्हरांड्यात बीन्स सोलत होते. एकच बार, आणि म्हटलं, वेंडेलला खार मिळाली." तिने कप बाजूला सारला. "एकच होता. त्यावर मी बायबलवर हात ठेवीन."

"म्हणजे बाबांची रायफल उडालीच नाही. दुसरी उडाली. तिचं रिकामं काडतूस कुणीतरी बाबांच्या रायफलीत घातलं."

"आणि वेंडेलचं भरलेलं काढून खिशात टाकलं. पण इतका उपद्व्याप कशाला? वेंडेलचीच हवेत उडवायची की. खूणही बरोबर उमटली असती."

"तू व्हरांड्यात होतीस ना."

आत्याने माझ्याकडे बघितलं.

"तू असतेसच तिथे," मी म्हणाले, "आणि त्याला ते ठाऊक होतं. दोन बार ऐकले असतेस तर दुसऱ्या दिवशी दुकानात विचारलं असतंस, वेंडेलने दोन कशाला झाडले? तो तर एकच घेऊन जातो."

"विचारलंच असतं. पाद्र्यालाही विचारलं असतं." तिने काडतूस पुन्हा उचललं आणि उजेडात फिरवलं. "बरं, आता हे बघ. काठावर खूण एकच आहे. काडतूस बदलायला लिव्हर ओढली की घोडा वर चढतो, आणि सापडला तेव्हा तो पूर्ण खाली होता. चाप ओढून आपटला असता तर वेंडेलच्या पिनेचीही खूण उमटली असती. दोन खुणा दिसल्या असत्या."

"उमटलेली नाही."

"कारण त्याने घोडा आपटला नाही. अंगठ्याने धरून अलगद खाली सोडला."

बावीसच्या रायफलीत आत काडतूस नसताना घोडा आपटला तर पिन थेट नळीच्या काठावर बसते आणि काठ चेपतो. म्हणून आमच्याकडे पोराला नेम धरायला शिकवण्याआधी हे शिकवतात: घोडा आपटायचा नाही, अंगठ्याने झेलत उतरवायचा. हाताला ते इतकं सवयीचं होतं की मनाला विचारावं लागत नाही. आत रिकामं काडतूस असताना आपटला तरी काही बिघडत नाही. बाहेरचा माणूस चाप ओढून मोकळा झाला असता.

"प्रेत पायाशी पडलंय," आत्या हळू म्हणाली, "आणि हा रायफलीला जपतोय. थिआ, बये, हा आपल्यातलाच आहे. वेंडेलने शिकवलेला, नाहीतर वेंडेलबरोबर शिकलेला."

"पोलिसांकडे जाऊ?"

"इथला पोलीस पोरगा पिट्सबर्ग शहरातला. त्याला सगळी रिकामी काडतुसं सारखी. तो काडतूस उचलून हार्लनकडेच नेईल, आणि हार्लन म्हणेल, दोघी बायका दुःखाने वेड्या झाल्यात. नुसती खूण घेऊन जाऊ नकोस. नाव घेऊन जा."

जिन्यावर फळी करकरली. आई अर्ध्या जिन्यात उभी होती, अनवाणी.

"कुणाशी बोलताय?" तिने विचारलं. "हे आले का?"

४

बाबा रविवारी दुपारी क्लबात नेम मारायला जायचे. घोडा अंगठ्याने उतरवावा लागतो अशा बावीसच्या लिव्हरवाल्या रायफली वापरणारे तिथे चौघेच उरले होते. बाकीच्यांच्या नव्या रायफलींना आत्या शिलाईयंत्रं म्हणते. बाबा सोडले तर उरले तिघं: शेजारी मर्ल झर्बी, रायफली दुरुस्त करणारा रॉयस केफर आणि हार्लन.

मर्लपासून सुरुवात केली, कारण बाबा त्यालाच सापडले होते, आणि गडग्याच्या कुठल्या बाजूची झाडं कुणाची यावरून दोघं वर्षभर बोलत नव्हते.

तो गोठ्यात शेण ओढत होता. थांबला नाही.

"मला वाटलंच तू येणार," तो म्हणाला. "सगळ्या गावाला वाटतंय मीच काहीतरी केलं. बोलत कुणी नाही, पण पायची बशी परत न्यायलाही माझ्या दारात कुणी येत नाही."

"तुम्ही बाबांना धमकी दिली होती."

"दिली होती! म्हटलं होतं, गडगा ओलांडलास तर बुडावर छर्रे मारीन. तो म्हणाला, मर्ल, तुला माझं बूड लागायचं नाही, तुझा नेम कोठारावरही चुकतो." तो हसला आणि लगेच ओशाळला. "भांडायला असा माणूस पुन्हा मिळायचा नाही, पोरी."

"सापडले कसे?"

"कुत्रा भुंकायला लागला म्हणून वर गेलो. बघितलं, आणि धावत खाली घरी आलो. वर फोन लागत नाही. हार्लनच्या घरी फोन केला, बायको म्हणाली, निरोप देते. मी पुन्हा वर पोचतोय तर हार्लन तिथे हजर. शिकारीच्याच कपड्यांत, धापा टाकत. मित्र असावा तर असा. मी म्हातारा मेलो तर माझ्यासाठी शेरीफचं मांजरसुद्धा धावायचं नाही."

मी आभार मानले. फाटकाशी येईपर्यंत माझ्या मनात मर्लच होता. मग पाऊल थांबलं. स्ट्रोबचं घर गावात आहे. तिथून गाडीनेही गडग्यापर्यंत पोचेतो मर्लच्या दोन फेऱ्या होतील.

रॉयस केफरच्या दुकानात तेलाचा आणि तंबाखूचा वास असतो. त्याचा बाबांच्या रायफलीवर किती डोळा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. दफनाच्या दिवशी शवपेटीपाशी उभं राहून त्याने मला विचारलं होतं, रायफलीचं काय करणार.

"विकायला आणलीस?" त्याने मान वर न करता विचारलं.

"नाही. शनिवारी सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"असं आहे तर." त्याने पेचकस ठेवला. "इथेच. बाहेर विचार, उघडण्याआधीच दोन गिऱ्हाईकं दारात येऊन माझ्या कॉफीला नावं ठेवत होती. आणि ऐक. मला ती रायफल हवी होती, ती वेंडेलने स्वतःच्या हाताने माझ्या हातात द्यावी म्हणून. मेलेल्या माणसाच्या शेजारून उचललेली रायफल भिंतीवर लावून झोप लागेल मला?"

त्याचे डोळे लाल होते. मी विषय बदलला. म्हणाले, काम बरंच दिसतंय.

"काम कसलं, श्रीमंतांची खुळं. परवा एकाने धडधाकट पिन बदलून घेतली. बापाच्या वेळची पिन, अरुंद, जरा वाकडी, पण एक काडतूस फुकट जाऊ देत नव्हती. म्हटलं, हिला काय झालंय? म्हणे बदलच. आणि जुनी मला ठेवू दिली नाही, खिशात घालून घेऊन गेला."

माझा हात काचेच्या पेटीवर होता. तो मी तिथेच ठेवला.

"कुणाची रायफल?" मी विचारलं.

रॉयसने नाव सांगितलं.

५

हार्लनने पिन बदलली होती. म्हणजे आता त्याची रायफल कुणी उडवून बघितली तरी ती खूण मिळणार नव्हती. आत्या म्हणाली होती, नाव घेऊन जा; नाव माझ्याकडे होतं, पण आता खूणच नाहीशी झाली होती.

मग मला क्लब आठवला. चर्चमध्ये जशी प्रत्येक घराची बाकं ठरलेली असतात तशी नेमाच्या मैदानावर प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणी दुसऱ्याच्या जागेवर उभं राहत नाही. आणि बावीसची रिकामी काडतुसं कुणी वेचत नाही. ती पुन्हा भरता येत नाहीत.

आडवारी तिथे कुणी नसतं. पाऊस येणार होता. डोंगर काळा झाला होता. पत्र्याच्या छपराखाली मी गुडघ्यांवर बसले आणि मातीतून काडतुसं उकरू लागले. पहिल्या जागेवर, मर्लच्या, खूण गोल टिंबासारखी. दुसरीकडे, रॉयसच्या, चौकोनी. तिसरी बाबांची. तिथे मी फार थांबले नाही.

चौथ्या जागेवर पहिलंच काडतूस उचललं आणि पुसलं. लांबट, अरुंद, किंचित वाकडी खूण. दुसरं, तिसरं, ओंजळभर. जुनी काळी पडलेली, नवी चकाकणारी. सगळ्यांच्या काठावर तेच नख.

मागे खडीवर पावलं वाजली.

हार्लन उभा होता. एका हातात अंगणातली पानं ओढायचं दाताळं. दुसऱ्या काखेत रायफल.

"माझ्याआधी आलीस," तो म्हणाला.

त्याने दाताळं खांबाला टेकवलं. रायफल टेकवली नाही. माझ्या मोटारीकडे बघितलं, मग रस्त्याकडे. रस्ता रिकामा होता. पत्र्यावर थेंब पडायला लागले.

"कुणाला माहीत आहे?"

"आत्याला," मी म्हणाले. फक्त खूण माहीत होती. नाव मी अजून तिला सांगितलं नव्हतं.

"लव्हिना." त्याने मान हलवली. "त्या बाईचे कान." तो बाकावर बसला. रायफल मांडीवर, नळीचं तोंड माझ्या आणि लक्ष्यांच्या मधे कुठेतरी. अंगठा घोड्यावर होता. "मी वेंडेलला मारायला गेलो नव्हतो, थिआ."

"मला माहीत आहे."

"कसं माहीत आहे?"

"ठरवून गेला असतात तर स्वतःची रायफल नेली नसती."

तो पावसाकडे वळला. "पानांत काहीतरी राखाडी हललं," तो म्हणाला. "झाडाच्या बुंध्याशी, खाली. मी पोरांना काय शिकवतो? काय आहे हे ओळखल्याशिवाय चापावर बोट नाही. मीच शिकवतो. या जिल्ह्यातल्या प्रत्येक पोराच्या परवान्यावर माझी सही आहे. आणि मी उडवली. तिथे जाईपर्यंत खारच वाटत होतं मला."

"मग हे सगळं कशाला?"

"कुणाला कळलं असतं तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. "तपास करणारा मीच होतो. लिहिणारा मीच. इतकं सोपं होतं. आणि मी म्हटलं, निदान आर्लीनला तरी त्रास व्हायला नको. स्वच्छ अपघात लिहीन. निष्काळजीपणा, पण क्षणाचा."

"ती जेवत नाही," मी म्हणाले.

"दुःख आहे. वेळ—"

"दुःख नाही. बाबांनी भरलेल्या काडतुसावर घोडा टेकवला असं तुम्ही तिला सांगितलंत. तिला माहीत आहे ते अशक्य आहे. म्हणून तिला वाटतं, बाबांनी स्वतःच गोळी घालून घेतली, आणि तुम्ही तिच्यासाठी ते लपवताय. तिला वाटतं तुम्ही चांगले आहात. रात्री दिवा चालू ठेवून ती एवढाच विचार करते की मला न सांगता का गेले."

अंगठा घोड्यावरून हलला नाही. त्याचा चेहरा मात्र माझ्यासमोर म्हातारा झाला.

"असं तिला वाटतं?"

"असंच."

पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की ओरडले असते तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. तोही बहुधा तेच मोजत होता. मी ओंजळ मिटली नाही. ती काडतुसं त्याला दिसत राहावीत एवढंच मला करता येत होतं.

मग हार्लनने लिव्हर खाली ओढली. आतून काडतूस उडून मातीत पडलं. भरलेलं होतं.

६

तो माझ्या मोटारीतून आला. वाटेत काही बोलला नाही. आत्या आईजवळ बसली होती. मला बघून उठली, हार्लनला बघून खाली बसली.

"हार्लन, भिजलास तू," आई म्हणाली. "थिआ, टॉवेल दे."

"नको, आर्लीन." तो दारातच उभा राहिला. आणि सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात, एकही शब्द न वळवता. आपली गोळी, आपलं काडतूस, आपलं खोटं. आत्याने एकदा त्याला मारण्यासाठी उठल्यासारखं केलं, पण आईने हात वर केला.

"तुला दिसले कसे नाहीत?" तिने विचारलं. "लांबून दिसावी अशी केशरी टोपी होती त्यांच्या डोक्यावर. मी दिली होती हातात."

"डोक्यावर नव्हती, पानांत नुसते राखाडी केस दिसले. टोपी त्याने काढली होती."

"का?"

"तो गुडघ्यावर बसला होता. रानअक्रोडाच्या झाडाखाली. खाली पडलेले अक्रोड वेचत होता, टोपीत." हार्लनचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "टोपी भरत आली होती. मी ते अक्रोड पानांत फेकले आणि टोपी त्याच्याजवळ ठेवली."

आईने समोरची बशी बाजूला सरकवली.

"रायफल?" आई म्हणाली.

"बाजूला होती. गडग्यावर आडवी."

"घोडा कुठे होता?"

"अर्ध्या खाचेवर," हार्लन म्हणाला. "नेहमीसारखा."

आईने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "केकसाठी. गेल्या आठवड्यात मी म्हटलं होतं, यंदा अक्रोड मिळाले तर केक करीन. ऐकलं नाही असं वाटलं मला. ऐकलं होतं."

मग हार्लनकडे बघून ती म्हणाली, "आता पोलिसांकडे जा. लव्हिना येईल बरोबर. तू काय केलंस ते मी विसरणार नाही, आणि माफ करायचं की नाही हे आज मला विचारू नकोस."

आत्याने कोट घातला. "पुढे हो," ती हार्लनला म्हणाली. "आणि हात दिसू देत."

गाडी गेल्याचा आवाज विरला. आईने फ्रीज उघडला, थंड हॅमचा तुकडा काढला आणि उभ्यानेच खाल्ला. दुसरा घेतला. मग वर जाऊन बाबांचं शिकारीचं जाकीट घालून आली. बाह्या हातांवरून लोंबत होत्या.

"चल," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आत."

पाऊस थांबला होता; निघताना मी खुंटीवरची केशरी टोपी घातली. गडग्यापर्यंत ती न थांबता चढली. झाड शोधायला वेळ लागला नाही. खाली पानं तुडवलेली होती, आणि त्यापलीकडे, कुणी मूठ झटकावी तसे, ओल्या पानांत अक्रोड विखुरलेले. बरेचसे खारींनी नेले होते. वरून त्यांचा चिडका आवाज येत होता. आई गुडघ्यावर बसली आणि उरलेले वेचू लागली, एकेक पुसून जाकिटाच्या खिशात. मीही बसले. डोळ्यांवर केस येत होते म्हणून डोक्यावरची केशरी टोपी काढून मी बाजूला ठेवली.

पलीकडच्या उतारावर कुठेतरी बार झाला. एकच. त्याचा पडसाद घळीतून लांबपर्यंत घरंगळत गेला.

आईने मान वर केली नाही. हात अक्रोडांवरच होते.

"टोपी घाल, थिआ," ती म्हणाली. "आधी टोपी घाल."